चार ओळी

गौरवग्रंथाचे संपादक म्हणाले,
आईवर चार ओळी द्या.
घरात न गाणारे तुम्ही एकटेच,
तुम्हाला वेळ असेल.

वेळ आहे.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
निवृत्त झालो तरी अंगठा अजून बोटांवर चाळा करतो.

तिचं नाव द्वारका.
कंडक्टर 'द्वारका, द्वारका' ओरडला
की ती पदर सावरून म्हणायची,
"आले रे बाबा, गावभर करू नकोस."
हे ग्रंथात बसणार नाही, माहीत आहे.

बाबा देवळात सनई फुंकायचे.
त्यांच्या छातीतली हवा संपली तेव्हा
कुमुदताई नऊची, विश्राम सहाचा,
नलू रांगत होती, मी पोटात.
दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना.
आई घाटाच्या पायरीवरून पुटपुटली,
"पोरांचं गाणं थांबणार नाही,"
आणि शिवला.
असं कुमुदताई सांगते.
विश्राम म्हणतो, कावळा आलाच नव्हता,
ऊन चढलं म्हणून भटजींनी दर्भाचा केला.

तांबट आळीत ती भांडी उजळायची.
चिंच, राख, नारळाची शेंडी.
हंडे, घंगाळं, लोकांच्या लग्नातले तांबे.
हाताच्या भेगांत चिंच शिरली
की दातांमधून एक बारीक आवाज निघायचा,
वरच्या पट्टीतला.
तिचा तेवढाच मी ऐकलेला.
बुवांची फी तिने घासून फेडली:
महिन्यातून एकदा त्यांच्या घरचं सगळं पितळ,
वर देव्हाऱ्यातले देव.

पहाटे रियाज.
ती चुलीपाशी, पाठ आमच्याकडे,
भाकरीची थाप चाललेली.
निषाद किंचित उतरला की थाप थांबायची.
वळून बघणं नाही, बोलणं नाही.
कुमुदताई तीच जागा पुन्हा घ्यायची, पुन्हा,
परातीत पीठ सुकत चाललेलं,
तवा धुरावलेला,
आणि थाप सुरू झाली की
आम्ही सगळेच श्वास सोडायचो.
कडेला चिरलेल्या भाकऱ्या मी खाल्ल्या.
ताईच्या गळ्याबद्दल लिहिणाऱ्यांनी
त्या चाखल्या नाहीत.

पुराच्या साली
पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी आलं.
तिने आधी पेटी डोक्यावर घेतली,
चढावरच्या ओट्यावर नेऊन ठेवली,
मग आमच्यासाठी परतली.
आळी महिनाभर बोलत होती.
ती म्हणाली, पोरांना पाय आहेत, पेटीला नाहीत.
मला पाय होते, पण मी दोन वर्षांचा होतो.
हे तिला कधी बोललो नाही.
इथेही नको. खोडा.

बुवांनी माझा सा ऐकला
आणि मला बाहेर खेळायला पाठवलं.
त्या रात्री तिने मला दुधावरची साय दिली.
म्हणाली, "एकजण ऐकणारा हवाच की रे.
सगळेच गायला बसले
तर दाराची कडी वाजलेली कोणाला कळणार?"

पुढचं तुमच्याकडे छापील असेलच,
पदव्या, परदेश, विश्रामच्या हातांचा विमा.
कलामंदिरातल्या सत्काराचं मात्र लिहा.
तिला स्टेजवर नेलं, शाल पांघरली,
हातात माईक दिला.
ती कितीतरी वेळ गप्प.
मग विचारलं, "मागं ऐकू जातंय का?"
लोक हसले, टाळ्या पडल्या.
त्यांना वाटलं, भाषण सुरू होतंय.
पण तिने प्रश्नच विचारला होता.
आयुष्यभर ती मागेच, दाराजवळ उभी राहिली होती.
शेवटच्या रांगेतून मी हात वर केला.
तिने माईक परत दिला.

चार ओळी जमल्या नाहीत.
सोबत फोटो पाठवतोय, घरात एकच आहे.
तिघं वाद्यांसकट मधोमध,
मी हलल्यामुळे पुसट,
आणि उजव्या कडेला
चहाचा ट्रे धरलेलं एक कोपर,
दोन हिरव्या बांगड्या.
ती आहे ती.
पानात बसवताना कड कापू नका.